हप्ता परवडतो; कर्जाचं काय?

दसऱ्याच्या आठवड्यात दुचाकीच्या शोरूममध्ये गाड्यांपेक्षा कर्जाच्या टेबलाभोवती जास्त गर्दी असते. टेबलामागचा तरुण बोलायला गोड असतो आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, महिन्याला किती जमेल?" तुम्ही म्हणता, साडेतीन-चार हजार. तो टॅबवर चार आकडे टाकतो आणि म्हणतो, "बसवून देतो." आणि खरंच बसवून देतो. गाडीची किंमत, व्याज, विमा, फी, मुदत, सगळं त्या चार हजारांत बसतं. व्याजाचा दर विचारलात तर "फक्त बारा टक्के" असं उत्तर मिळतं, आणि तेवढ्यात सहीसाठी पेन पुढे येतं.

"हप्ता किती?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो एकटाच विचारला की कर्ज देणाऱ्याचं काम सोपं होतं. तुमचा हप्ता तेवढाच ठेवून त्याला दर वाढवता येतो, मुदत लांबवता येते, फी आत घालता येते.

ते बारा टक्के जरा जवळून पाहू. एक लाख रुपये, तीन वर्षांसाठी, बारा टक्के 'फ्लॅट'. वर्षाला बारा हजार, तीन वर्षांचे छत्तीस हजार. एकूण १,३६,००० भागिले ३६, म्हणजे हप्ता ३,७७८ रुपये. हिशेब तोंडी करता येतो, म्हणून लगेच पटतो. पण तुम्ही पहिल्या महिन्यापासून मुद्दलही फेडत असता. दीड वर्षानं तुमच्याकडे त्या लाखातले साधारण ५८ हजारच उरलेले असतात, व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण लाखावर आकारलं जातं. बँका गृहकर्जाला लावतात त्या पद्धतीनं, म्हणजे घटत्या शिलकेवर मोजलं, तर हाच दर २१ टक्क्यांच्या वर जातो.

त्यात दोन टक्के प्रोसेसिंग फी, तिच्यावर १८ टक्के जीएसटी आणि तीन हजारांचा विमा कापून घेतला असं समजा. हातात पडले ९४,६४० रुपये. हप्ता तोच ३,७७८. आता खरा दर होतो पंचवीस टक्क्यांहून थोडा जास्त. टेबलामागचा तरुण खोटं काहीच बोललेला नसतो. त्यानं बारा सांगितले, ते बाराच होते. ते बारा कशावर, एवढंच त्यानं सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही.

हा प्रश्न विचारण्याचं काम आता एका कागदानं सोपं केलं आहे, आणि त्याची माहिती अजून फार थोड्या लोकांना आहे. १ ऑक्टोबर २०२४ नंतर मंजूर झालेल्या प्रत्येक किरकोळ कर्जाला बँकेनं किंवा वित्त कंपनीनं 'की फॅक्ट स्टेटमेंट' दिलंच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. करारातल्या मुख्य गोष्टी ठरावीक तक्त्यात मांडलेलं हे पत्रक असतं. त्यात 'एपीआर' नावाची एक ओळ असते : व्याज, फी, कंपनीनं तुमच्याकडून वसूल करून दुसऱ्या कुणाला दिलेला विमा, वकिलाचा खर्च, हे सगळं धरून वर्षाचा दर. वरच्या उदाहरणात त्या ओळीत बारा नाही, पंचवीसच्या पुढचा आकडा यायला हवा. दोन ठिकाणची कर्जं ताडून पाहायची असतील, तर फक्त ही एक ओळ शेजारी शेजारी ठेवा. बाकीच्या जाहिरातबाजीकडे पाहायची गरज नाही.

या पत्रकाबाबत आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळालं पाहिजे, म्हणून ते मराठीत मागा. मागायला लाजू नका. त्यात न लिहिलेलं कुठलंही शुल्क पुढे तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आणि कर्जाची मुदत सात दिवसांपेक्षा कमी नसेल, तर पत्रक हातात आल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. त्या काळात कंपनी अटी बदलू शकत नाही. "ऑफर आज संध्याकाळपर्यंतच" असं कुणी म्हणालं, तर हा नियम त्याला ऐकवा. बहुधा संध्याकाळनंतरही ऑफर तशीच राहते.

कर्ज देणाऱ्याला हिशेब मांडायला लावणं ही काही आजची कल्पना नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. लोकांचा रोख मुख्यतः सावकारांच्या कागदांवर होता. कर्जरोखे ओढून काढले, जाळले. आकडा काय घातला आहे हे वाचता न येणाऱ्यानं अंगठा दिलेले ते रोखे होते. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला. शेतकऱ्याचे कर्जाचे दस्त ग्राम निबंधकासमोर व्हावेत, सावकारानं पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, अशा तरतुदी त्यात होत्या. दीडशे वर्षं होत आली, उपाय तोच आहे. फरक एवढाच की आज आपल्याला वाचता येतं, तरी आपण 'आय ॲग्री'वर अंगठाच ठेवतो.

गृहकर्जात हप्ता फसवतो तो वेगळ्या रीतीनं. तीस लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता साधारण २६,०३५ रुपये. दर साडेनऊ झाला. बँकेनं हप्ता तोच ठेवला आणि तुम्हाला बरं वाटलं. पण त्याच हप्त्यात तेच कर्ज फेडायला आता २४० ऐवजी जवळपास ३०९ महिने लागतात, म्हणजे पावणेसव्वीस वर्षं. एका टक्क्यानं पावणेसहा वर्षं वाढली आणि खात्यातून जाणाऱ्या रकमेत रुपयाचाही फरक पडला नाही. पन्नाशीत निवृत्तीचे बेत करणाऱ्याला हे साठीत कळतं. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना बँकेनं ग्राहकाला पर्याय द्यायचे आहेत : हप्ता वाढवणं, मुदत वाढवणं, दोन्ही थोडं थोडं, किंवा काही रक्कम आधी भरणं. तुम्हाला असं कधी विचारलं गेल्याचं आठवत नसेल, तर शाखेत जाऊन विचारा, माझे किती महिने उरलेत? शक्य असेल तर हप्ता वाढवून घ्या. व्यक्तीनं घरासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, त्यामुळे बोनस किंवा पगाराच्या थकबाकीची रक्कम आली की थोडी तरी मुद्दलात टाकावी. सुरुवातीच्या वर्षांत टाकलेला रुपया सर्वांत जास्त काम करतो.

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन रकमा ठळक छापलेल्या असतात, 'एकूण देय' आणि 'किमान देय'. दुसरा आकडा छापलाच नसता तर बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं. पन्नास हजार थकलेत, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, किमान देय पाच टक्के असं धरा. पहिल्या महिन्याचं व्याज १,७५० रुपये, त्यावर जीएसटी ३१५. तुम्ही भरता साधारण २,६०० रुपये. मूळ रकमेतून कमी होतात जेमतेम साडेपाचशे. एक पैशाचीही नवी खरेदी न करता वर्षभर असंच किमान देय भरत राहिलात, तर साडेएकोणतीस हजारांच्या आसपास भरून झालेले असतील आणि कार्डावर अजून जवळजवळ ४४ हजार उभे असतील. शिवाय थकबाकी ठेवली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. किराण्याच्या बिलावर त्याच दिवसापासून व्याज चढू लागतं. कार्डावरून एटीएममधून काढलेल्या पैशाला तर ती मुदत मुळातच नसते.

इथे आपल्याकडे एक विचित्र हट्ट दिसतो. कार्डावर वर्षाला ४२ टक्क्यांचं कर्ज आणि बँकेत सात टक्क्यांची मुदत ठेव, दोन्ही एकाच घरात सुखानं नांदत असतात. "एफडी मोडायची नाही, ती अडीअडचणीला आहे." अहो, हीच ती अडचण. ठेव मोडा आणि कार्ड कोरं करा. ठेव नसेल तर सोनेतारण किंवा कमी दराचं वैयक्तिक कर्ज घेऊन कार्ड फेडणंही परवडतं; अट एकच, मोकळं झालेलं कार्ड पुन्हा भरायचं नाही. ते जमणार नाही असं वाटत असेल तर कार्डच बंद करा. थकबाकी नसताना अर्ज केल्यावर बँकेनं सात कामाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं, नाही तर दिवसाला पाचशे रुपये तुम्हाला द्यावे लागतात.

'नो कॉस्ट ईएमआय'बद्दल फार लिहीत नाही. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. रोखीनं घेतल्यास मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही, तेच व्याज. दुकानदाराला एवढंच विचारा : "एकरकमी दिले तर कितीला?"

आता अशा कर्जाकडे वळू, ज्यात आपला हप्ताच नसतो आणि म्हणून ते कर्ज वाटतच नाही. जामिनकी. आपल्याकडे पगारदारांच्या पतसंस्था जिल्हा परिषदेच्या शाळांपासून एसटीपर्यंत सगळीकडे आहेत आणि त्यांचा अर्धा डोलारा "तू माझ्यावर सही कर, मी तुझ्यावर करतो" यावर उभा आहे. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत फॉर्म फिरतो, डब्याचं झाकण बाजूला सरकवून सही होते. त्या सहीचा अर्थ भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ मध्ये आहे : करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या" असं म्हणायचा हक्क तुम्हाला नसतो. संस्था सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवते आणि तुमच्या पगारातून कपात सुरू होते, कारण कर्जदार बदली करून गेलेला असतो, आजारी असतो, किंवा त्याच्या पगारात कापायला काही उरलेलं नसतं. तुमचा पगार शाबूत असतो, म्हणून आधी तुम्हीच सापडता.

मी जामीन राहूच नका म्हणत नाही. तसं म्हटलं तर निम्म्या महाराष्ट्रात मुलींची लग्नं आणि घरांचे स्लॅब अडतील. पण सही करण्यापूर्वी स्वतःला विचारा, ही रक्कम मी याला उसनी दिली असती का? उत्तर नाही असेल तर सहीही नको. कर्जाची रक्कम कोरी असलेल्या फॉर्मवर सही नको. करारनाम्याची प्रत मागून घ्या. आणि वर्षातून एकदा संस्थेत जाऊन त्या खात्याचा उतारा पाहा. मित्राला वाईट वाटेल ही भीती बहुतेकदा खोटी असते. थकलेला मित्र स्वतःहून कधीच सांगत नाही, उतारा सांगतो. भावजींना, चुलतभावाला नाही म्हणणं अवघड असतं हे खरं. तिथे "माझ्या नावावर आधीच दोन जामिनक्या आहेत, संस्था मंजूर करणार नाही" हे वाक्य कामाला येतं.

बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या कर्जाला तुम्ही जामीन असाल, तर ते तुमच्या पतअहवालातही दिसतं. लोक याला सरसकट 'सिबिल' म्हणतात. खरं तर देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीनं वर्षातून एकदा तुम्हाला पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. "सिबिल वाढवून देतो" म्हणून पाच हजार मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही आणि चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकटात दुरुस्त करून घेऊ शकता. अहवालात गुणांपेक्षा खात्यांची यादी आधी वाचा. तुम्ही कधीच न घेतलेलं कर्ज, फेडूनही चालू दिसणारं खातं, नावाच्या साधर्म्यामुळे चिकटलेली दुसऱ्याची थकबाकी, असं काहीही निघू शकतं. तक्रार केल्यावर तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे.

मोबाइलवरच्या कर्जांचं थोडक्यात सांगतो. ॲपमागे कुठली बँक किंवा नोंदणीकृत वित्त कंपनी आहे हे लिहिलेलं नसेल, तर त्या वाटेला जाऊ नका. फोनमधले संपर्क आणि फोटो पाहायची परवानगी कर्जाच्या ॲपला मागताच येत नाही. मागत असेल तर पुढे त्याचा उपयोग कशासाठी होणार ते उघड आहे.

गावातला 'पाच टक्क्यानं' पैसे देणारा तर तुम्हाला माहीतच असेल. ते पाच टक्के महिन्याचे, म्हणजे वर्षाचे साठ. महाराष्ट्रात सावकारीचा परवाना लागतो. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली शासनानं दर ठरवून दिले : शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८. बेकायदा सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. कर्जाच्या बदल्यात जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल, तर चौकशीनंतर ती जमीन परत मिळवून देण्याचा अधिकारही या कायद्यात आहे. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला हवा, म्हणून "बघू पुढच्या हंगामात" करत बसू नका.

हप्ता थकणार असं दिसायला लागलं, तर तो थकण्याआधी बँकेत जा. थकल्यानंतर तुमच्याशी वसुली विभाग बोलतो, आधी गेलात तर शाखाधिकारी बोलतो, आणि या दोघांच्या हातातले अधिकार वेगळे असतात. नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, पीक गेलं, तर पुरावा जोडून मुदत वाढवून देण्याचा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पोच महत्त्वाची. उशिराच्या हप्त्यावर दंड लावता येतो, पण दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर व्याज चढवता येत नाही. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही; शेजाऱ्यांसमोर, साहेबासमोर अपमान करणं तर मुळीच चालत नाही. तसं घडलं तर तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्यांची तक्रार सहकार खात्याकडेच.

'सेटलमेंट'चा मोह होईल. दोन लाखांचे सव्वा लाखात मिटवतो, असा फोन येईल. दुसरा मार्गच नसेल तर घ्या, पण लेखी पत्र हातात आल्याशिवाय एक पैसा भरू नका, आणि अहवालात ते खातं 'बंद' असं न दिसता 'सेटल्ड' असं दिसेल हे समजून घ्या. पुढचं कर्ज देणारा त्या शब्दापाशी थांबतो.

आणि सगळं नीट फिटलं, तर शेवटच्या हप्त्याला काम संपत नाही. निल दाखला मागा. घर किंवा जमीन तारण असेल तर मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे. महिन्याभरानं पतअहवाल काढून खातं बंद दिसतंय ना ते पाहा. आणि सातबारा. कर्ज फिटून आठ-दहा वर्षं झाली तरी 'इतर हक्का'त बोजा तसाच असलेले उतारे प्रत्येक गावात सापडतील; वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी मग धावाधाव होते, तोवर ती शाखा दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं पत्र जोडून तलाठ्याकडे किंवा ई-हक्क पोर्टलवर अर्ज द्यावा लागतो, मग फेरफार होतो. म्हणून निल दाखल्याच्या दोन सहीशिक्क्याच्या प्रती त्याच दिवशी मागून घ्या. एक अर्जाला जोडली जाते, दुसरी घरी राहते.